फडापासून खिशापर्यंत

सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यापुढची हकिगत मात्र फारशी सांगितली जात नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय संपला आणि भाव्यांना आपली नाटकमंडळी घेऊन परमुलखाची वाट धरावी लागली. १८५३ मध्ये मुंबईस ग्रँट रोडवरील नाटकगृहात त्यांनी खेळ केले. दरबारातील कला अशा रीतीने रस्त्यास लागली, ती पुन्हा कधी एका जागी बसली नाही.

आज ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल दिसतो. पूर्वी नियतकालिकांतून त्यास भ्रमणध्वनी असे भारदस्त नाव देण्यात येई. ते नाव आता केवळ कागदोपत्री उरले आहे. बोलण्यासाठी निघालेले हे यंत्र गाण्याचे, चित्रपटाचे आणि तमाशाचेही व्यासपीठ झाले, याचे अनेकांस नवल वाटते. आम्हांस त्यात नवलापेक्षा जुनी ओळख अधिक दिसते. कारण फिरती करमणूक ही या मुलखाची जुनीच रीत आहे. (या मुलखाची म्हणजे सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांची. १९४९ पूर्वी सांगलीकडील बराचसा भाग साताऱ्यातच मोडत असे, पुढे त्याचे नाव दक्षिण सातारा झाले आणि सांगली हे नाव १९६० साली मिळाले. तेव्हा दोहोंचा इतिहास एकत्र सांगण्यास हरकत नसावी.)

वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष गावच्या कुलकर्ण्यांचा मुलगा घरदार व जात यांचा रोष पत्करून तमाशात शिरला आणि पठ्ठे बापूराव या नावाने गाजला. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जोडीने पुढे अनेक वर्षे महाराष्ट्र हसवला. या फडांचे वैशिष्ट्य असे की, कलावंत शेकडो कोस चालून येत; पण प्रेक्षकालाही घरातून उठावे लागे. घोंगडी काखेत मारून, भाकरी बांधून माणसे यात्रेस जात आणि शेजारच्या गावचा अनोळखी माणूस मांडीला मांडी लावून बसे.

ख्रिस्ती माणसांचीही स्वतःची फिरती परंपरा होती, हे आपल्या वाचकांनी विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, पण ते टिकले ते गाणाऱ्यांच्या कंठात आणि हस्तलिखित प्रतींत. पुढे तीन शतकांनी, १९१७ मध्ये, रेव्हरंड नारायण वामन टिळक साताऱ्यास येऊन राहिले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे साताऱ्याचे हे पर्व जेमतेम दोन वर्षांचे. टिळक प्रॉटेस्टंट, तरी त्यांची भजने आज आपल्या मिस्साबलिदानातही गायिली जातात. कीर्तनाचा साज ख्रिस्ती माणसाच्या अंगावर चढवावा, ही त्यांची मोठी हौस. कीर्तनकार बोले, पण धृपद सर्वांनी म्हणायचे असे, आणि झेल घेणारे साथीदार नसतील तर कीर्तन उभेच राहत नसे.

याच सुमारास गळ्यापासून आवाज वेगळा करणारे यंत्र आले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ च्या वसंतात रोमला जाऊन सिस्टाईन चॅपेलच्या गायकांचा आवाज मुद्रित केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते कलकत्त्यास उतरून भारतीय गायकांच्या ध्वनिमुद्रिका करू लागले. व्हॅटिकनचे पवित्र संगीत आणि कलकत्त्याच्या गायिकांचे ख्याल-ठुमरी एकाच माणसाच्या पेटीत एकाच वर्षी बंद झाले, हा योगायोग आम्हांस मोठा बोलका वाटतो. यंत्रास पावित्र्य आणि विलास यांतील भेद कळत नाही. तो माणसालाच करावा लागतो.

आपल्या भागापुरते पाहिले तर या यंत्राचे सर्वांत मोठे देणे मिरजेशी निगडित आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्थानकावर त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांना मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. तासभर रंगणारा राग या गवयाने तेवढ्यात आटवून दिला. अशी एक ध्वनिमुद्रिका गदग येथील एका दुकानात वाजत असताना एका लहान मुलाच्या कानी पडली, आणि आपल्यालाही असेच गाता आले पाहिजे या ध्यासाने तो १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ते पंडित भीमसेन जोशी. तबकडीने त्या मुलाची करमणूक केली असती आणि तो घरी परतला असता, तर कोणी तिला दोष दिला नसता. तिने त्याला वणवण करायला लावले, आणि आम्ही या लेखात ज्या गोष्टीचा माग घेत आहोत ती हीच.

ग्रामोफोननंतर नभोवाणी. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या फेब्रुवारीत मार्कोनी यांनी उभारलेल्या केंद्रावरून व्हॅटिकन रेडिओचा आरंभ केला. आपल्याकडे १९५६ साली पुणे नभोवाणीने मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० खेड्यांत एक प्रयोग केला. गावातली पंधरा-वीस माणसे ठरावीक दिवशी एका रेडिओभोवती बसत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत आणि रेडिओ बंद झाल्यावर त्यावर आपसांत चर्चा करीत. रेडिओ बंद झाल्यावर! आम्हांस या योजनेतील हा भाग फार शहाणपणाचा वाटतो.

आता १९६३ या वर्षाकडे पाहावे. त्या वर्षी आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले आणि कृष्णाकाठच्या घराघरांत आपल्याच भागातील बोली ऐकू येऊ लागली. त्याच वर्षी फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी ध्वनिफीत, म्हणजे आपली कॅसेट, मांडली. आणि त्याच वर्षी, ४ डिसेंबर रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने एकाच दिवशी दोन दस्तऐवज घोषित केले: एक उपासनेविषयी, ज्यामुळे मिस्सेत मराठीस वाट मिळाली, दुसरा मुद्रण, चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी या साधनांविषयी. पहिल्याचे फळ आपण दर रविवारी चाखतो. दुसऱ्याचे नावही फारसे कोणी घेत नाही. तो दस्तऐवज घाईत व त्रोटक झाला, असे परिषदेच्या अभ्यासकांनी म्हटले आहे, आणि आम्हांसही ते मान्य आहे.

त्याहून उपयोगी कागद पाच वर्षे आधीचा आहे. पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या आठवड्यांत, ३ सप्टेंबर १९५८ रोजी, पवित्र संगीत व उपासना यांविषयी रोमहून एक सूचनापत्र निघाले. ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिमुद्रण यंत्र अशी आपोआप वाजणारी साधने उपासनाविधीत वापरण्यास त्यात साफ मनाई आहे. मात्र दोन-तीन सवलती ठेवल्या आहेत: विधी चालू नसताना परमगुरूंचे वा धर्मप्रांताच्या महागुरूंचे शब्द ऐकविण्यासाठी, आणि लोकांना गीते शिकविण्यासाठी ही यंत्रे चालतील. रोमच्या कचेरीत बसून हे लिहिणाऱ्यांनी मोबाईल स्वप्नातही पाहिला नव्हता, तरी त्यांनी रेघ अचूक ओढली. यंत्राने शिकवावे, आपल्या जागी गाऊ नये.

१९८० नंतर मराठी ख्रिस्ती भक्तिगीतांच्या कॅसेटी निघू लागल्या. सातारा आणि सांगली हे जिल्हे पुणे धर्मप्रांतात येतात. येथे कॅथलिक कुटुंबे विखुरलेली, मिशन केंद्रे दूरदूर, आणि पेटी वाजवणारा माणूस मिळणे दुर्मीळ. अशा ठिकाणी कॅसेटने गायनशिक्षकाचे काम केले. चाल रिवाइंड करून करून पाठ केली जाई. फीत अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची, ही कलाही त्यासोबतच शिकावी लागे.

चित्रपटाने मात्र जुन्या फडाचीच वाट धरली. साताऱ्याच्या पुसेगावी सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आणि अशा इतर अनेक यात्रांत तंबूतला सिनेमा येई. मालमोटारीत यंत्र, रिळांचे डबे, कापडी पडदा. तंबू ठोकला की रात्री खेळ सुरू. २०१० नंतर रिळे छापणेच थांबत गेले आणि या व्यवसायाची कंबर मोडली. महाराष्ट्रातील या फिरत्या तंबूंवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान येथील महोत्सवात दाखविला गेला. ज्या वर्षी जगाने आपल्या तंबूंचे कौतुक केले, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले की पडदा प्रत्येकाच्या खिशात आला.

भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांमध्ये झाले. तेव्हा हे यंत्र श्रीमंतांचे होते. ते करमणुकीचे साधन झाले ते आधी मेमरी कार्डामुळे. तालुक्याच्या बाजारात रिचार्जच्या दुकानापुढे पोरे उभी असत. दुकानदार थोड्या पैशांत संगणकातून कार्डात गाणी भरून देई: लावणी, भीमगीते, अभंग, हिंदी चित्रपट, आणि मागणाऱ्याने मागितलीच तर येशूची गीतेही. ऊसतोडीला आलेला मजूर ते यंत्र कोपीत ठेवून गाणी ऐकत असे. ज्याच्याकडे कधी रेडिओही नव्हता, त्यास आपल्या आवडीचे गाणे आपल्या वेळी मिळाले, या सुखाची टवाळी करण्याचा अधिकार आम्हांस नाही. खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव सोनेचांदीच्या कामासाठी साऱ्या भारतभर पांगले आहेत. त्यांना दूर देशी बसून गावच्या यात्रेची पालखी दिसते, ही गोष्टही लहान नव्हे. आणि २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या चौकात एकटे उभे राहून जगासाठी प्रार्थना करीत होते, तेव्हा मंदिरे बंद असलेल्या कितीतरी कुटुंबांनी ते दृश्य हातातल्या लहानशा काचेवरच पाहिले.

तरीही काहीतरी हरवत आहे, आणि ते कोठे हरवत आहे हे मिरजेत जाऊन पाहावे. शस्त्रांची मागणी सरल्यावर तेथील शिकलगार कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून ते तानपुरे व सतारी घडवितात. भोपळा वाळवायचा, लाकूड कोरायचे, आणि शेवटी घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढायची. ही जवारी काढणे म्हणजे कानाची तपश्चर्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. पण विजेवर चालणारा तानपुरा १९७९ च्या सुमारास बंगळुरात तयार झाला होताच, आणि आता मोबाईलमध्ये तानपुऱ्याचे ॲप फुकट मिळते. ते सुरातही असते. रियाजाला बसलेल्या गरीब विद्यार्थ्यास त्याचा मोठा आधार आहे, आणि तेथे आमची तक्रार नाही, कारण तेथे गाणारा तो विद्यार्थीच आहे. मात्र तानपुरा जुळवताना जो कान तयार होई, तो ॲपने तयार होत नाही, असे जाणकार गवई सांगतात.

धर्मग्रामांत आम्हांस जे दिसते ते याहून काळजीचे. कोणाच्या घरी मृत्यू झाला की पूर्वी शेजारच्या बाया रात्रभर बसून गीते म्हणत. कोणाचा आवाज फाटका, कोणाची कडवी मागेपुढे, पण घर माणसांच्या आवाजाने भरलेले असे. अलीकडे शवपेटीजवळच्या खुर्चीवर मोबाईल ठेवलेला आढळतो. त्यातून नामवंत गायकाच्या आवाजात, वाद्यमेळासह भक्तिगीत चालू असते आणि जमलेली माणसे गप्प असतात. मध्येच कोणाचा तरी फोन येतो आणि गीत तुटते. कुणाचा हेतू वाईट नसतो. आपला आवाज त्या गायकासारखा नाही, मग तो कशाला काढावा, असा संकोच लोकांच्या मनात बसला आहे. गदगच्या त्या मुलाला तबकडीने गायला लावले, आणि आमच्या माणसांना हे यंत्र गप्प बसवीत आहे. १९५८ च्या सूचनापत्राने मनाईच्या कक्षेत खासगी भक्तीही घेतली होती. तेव्हा ती अतिशयोक्ती वाटली असेल, आज वाटत नाही.

आम्ही जेथे सेवा करतो तेथे यावर एक साधी तोड काढली आहे. गायकवृंदातील दोघे-तिघे तरुण मृताच्या घरी जाण्यापूर्वी मोबाईलवर चाल ऐकून घेतात, शब्द कागदावर उतरवतात आणि दाराशी मोबाईल बंद करतात. पहिल्या खेपेस त्यांचा सूर फार खाली लागला आणि पहिले कडवे ती दोन पोरेच म्हणत राहिली. दुसऱ्या कडव्यास आतल्या खोलीतून घरची आजी मिसळली, तिला सगळे शब्द येत होते, आणि धृपदापर्यंत ओटीवरची माणसेही गाऊ लागली.