पडद्यावरील खेळ : जुने रसिक आणि नवे रसिक

पालघर तालुक्यातील मुरबे हे खाडीच्या मुखाशी वसलेले मच्छीमारांचे गाव. पैलतीरास सातपाटी, पूर्वेस बोईसरची कारखानदारी, आणि किनाऱ्याने उत्तरेकडे गेले म्हणजे १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र. पावसाळ्याच्या आरंभी, जून-जुलैत, समुद्रातील यांत्रिक मासेमारी कायद्याने बंद असते. अशा दिवसांत किनाऱ्यावरच्या गावांतून नावा ओढून ठेवलेल्या असतात, जाळी सांधण्याचे काम चालते, आणि तरुण मंडळींस एरवी न मिळणारी सवड मिळते. या सवडीत पूर्वी पत्ते निघत. आता मोबाइल निघतो. चौघे मित्र एकाच ओट्यावर बसून एकाच लढाईत उतरले आहेत, परंतु चौघांच्या माना चार निरनिराळ्या पडद्यांत, हे दृश्य आता कोणत्याही गावी पाहावयास मिळते.

आणि त्याच ओट्यावर चाळिशी ओलांडलेला एखादा काका असतोच. त्याचे म्हणणे असे की, याला खेळ म्हणत नाहीत. खेळ तो आमच्या वेळचा, टीव्हीला डबा जोडून, कॅसेट फुंकून लावण्याचा. तीन ‘लाइफ’ संपल्या की पुन्हा पहिल्यापासून! पुतण्या यावर हसतो. ज्या खेळात एक मिशाळ नळकाम्या कासवांच्या पाठीवर उड्या मारतो, त्याचे एवढे कौतुक कशास, असा त्याचा प्रश्न असतो. जगभर जुन्या व नव्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांमध्ये जो कलह चालू आहे, त्याचे हे घरगुती रूप होय. बाहेरून पाहणारास तो पोरकट वाटेल. परंतु त्याचा इतिहास पाहू लागले म्हणजे दोन्ही पक्षांच्या समजुतींत बरीच गफलत आढळते, आणि ज्या गोष्टीविषयी भांडावयास हवे तिच्याकडे बराच काळ दोघांचेही लक्ष नव्हते असे दिसते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील अटारी नावाच्या नव्या कंपनीने ‘पाँग’ हा खेळ बाजारात आणला : दोन फळ्या, एक ठिपका, आणि पडद्यावर खेळलेले टेबल टेनिस. म्हणजे महाराष्ट्रातील घरांत जेव्हा पडदा प्रथम येत होता आणि त्याच्यापुढे हात जोडल्यासारखे बसावयाचे एवढेच ठाऊक होते, त्याच वर्षी अन्यत्र पडदा हाताने चालविण्याचा धंदा उभा राहत होता. १९७८ साली जपानात तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, १९८० साली तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’. निन्टेन्डो कंपनीचे घरगुती यंत्र १९८३ सालचे, आणि ज्याच्यावाचून ही कथा पुढे सरकत नाही तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ सालचा. हा संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा घेते. जागा वाचविण्यासाठी त्यातील ढग आणि झुडपे यांची आकृती एकच ठेविली आहे, रंग तेवढे निराळे. काटकसरीने संसार करणाऱ्या गृहिणीने एकाच लुगड्याची चौघडी आणि दुपटे दोन्ही शिवावीत, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडे हे खेळ सर्वसाधारण मध्यमवर्गीय घरांत पोचले ते मुख्यतः १९९०नंतर. रंगीत टीव्ही घरोघर झाला होता, आयातीचे निर्बंध सैल होत होते, आणि ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची यंत्रे खेळण्यांच्या दुकानांत दिसू लागली होती. तोवर जपानात काय स्थिती होती? निन्टेन्डोचे त्यापुढचे, दुप्पट ताकदीचे यंत्र १९९० सालीच निघाले होते, आणि डिसेंबर १९९४ मध्ये सोनीचे प्लेस्टेशनही आले. अर्थात, मुंबईतील वा पालघरमधील जो मुलगा १९९५ साली दिवाळीच्या सुट्टीत मारिओ खेळत होता, तो आपल्या समजुतीप्रमाणे अगदी नव्या जगात वावरत असला, तरी वस्तुतः दहा वर्षांपूर्वीचा खेळ खेळत होता. जुन्याचा अभिमान बाळगणारी ही पिढी आपल्या बाळपणीच जुने खेळत होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता! ज्याला आज ती ‘आमचा काळ’ म्हणते तो काळ दुसऱ्याचा, आणि तोही शिळा झालेला होता. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु ‘अस्सल खेळ आमचाच’ असे ठासून सांगणाराने एवढे ध्यानात ठेवावयास हवे.

अस्सलपणाविषयी आणखी एक गोष्ट. त्या काळी आपल्या बाजारात खपलेल्या कॅसेटी बहुतांशी नकली होत्या. वेष्टनावर ‘९९९९९९ इन १’ असे लिहिलेले असे, आणि आत मोजून आठ-दहा खेळ, तेच पुन्हा पुन्हा निराळ्या नावांनी. मूळ कर्त्यास त्यातून एक पैसाही पोचत नसे. ज्या खेळांवर एका पिढीने जीव ओवाळून टाकला, त्यांच्या निर्मात्यांची नावे तिला ठाऊक नव्हती, याचे एक कारण हेही आहे.

मग जुना खेळ कठीण होता, त्याने चिकाटी शिकविली, या दाव्याचे काय? कठीण होता खराच. परंतु काठिण्याचे मूळ फार उदात्त नव्हते. आरंभीचे खेळ दुकानांतल्या, नाणे टाकून चालविण्याच्या यंत्रांसाठी रचलेले असत. खेळणारा लवकर हरला तर दुसरे नाणे लवकर पडे. घरगुती यंत्रावर नाण्याची जरुरी उरली नाही, पण रचनेची सवय राहिली. शिवाय ४० किलोबाइटांचा खेळ सोपा केला असता तर तो अर्ध्या तासात संपला असता. नवे खेळ खेळणाराच्या खिशावर डोळा ठेवतात, हा जुन्या रसिकांचा आक्षेप योग्य आहे. मात्र तो डोळा काही आज उघडलेला नाही. काठिण्याविषयीची एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो यांना १९८६ साली ‘ग्रेडियस’ या खेळाची घरगुती आवृत्ती तयार करताना तो तपासण्यासाठी स्वतः खेळावा लागे, आणि तो त्यांनाच जमेना. म्हणून त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम त्यात घातला : वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. हाच क्रम पुढे ‘काँट्रा’त आला, आणि तीन लाइफच्या जागी तीस देऊ लागला. तो आपल्याकडील गल्लीबोळांतून पाढ्यासारखा पाठ असे. चिकाटीची महती गाणाऱ्या काकांसही तो बहुधा अजून पाठ असेल.

नव्या पक्षाची बाजू मात्र याने आपोआप बळकट होत नाही. त्याची खरी शक्ती खेळाच्या रंगरूपात नसून निराळ्याच ठिकाणी आहे. टीव्हीचा डबा घेणे हे १९९०च्या दशकात सर्वांच्या आवाक्यातले नव्हते. गल्लीत एकाच्या घरी तो असे, आणि बाकीची मुले आपला डाव येईतो चटईवर बसून राहत. कित्येकांचा डाव यावयाच्या आधीच त्या घरची जेवणे होत. या पाहत बसण्याला आज ‘एकत्र खेळण्याची मजा’ असे गोड नाव मिळाले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत ‘पबजी’ मोबाइलवर आला. तो फुकट होता. ज्याच्या घरी डबा त्याचा खेळ, ही जुनी व्यवस्था त्यामुळे मोडली. मासेमारी करणाराचा मुलगा आणि अणुकेंद्रातील अधिकाऱ्याचा मुलगा एकाच लढाईत एकाच पायरीवर उभे राहू शकले. निदान पोशाखाचे आणि बंदुकीच्या नक्षीचे पैसे मागितले जाईपर्यंत तरी!

अशा वादाचा निकाल मागे एकदा लागलेला आहे, आणि तो मराठी माणसांच्या अत्यंत आवडीच्या खेळात. बुद्धिबळाची देशी पद्धत निराळी होती. प्यादे आरंभी एकच घर चाले. राजास किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेण्याची मुभा असे. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा सरसकट वजीर होत नसे, ज्या मोहऱ्याचे ते घर तेच मोहरे मिळे. आणि प्यादेमात ही सर्वांत मानाची. हा खेळ संथ होता आणि त्याच्या भक्तांना त्या संथपणाचाच अभिमान होता. विलायती पद्धत त्यांस उतावळ्यांची वाटे. उलट विलायती पद्धतीचे खेळाडू देशीस मागासलेली समजत. याच देशी पद्धतीत वाढलेले पंजाबचे मीर सुलतान खान विलायतेस गेले, नवे नियम त्यांनी आत्मसात केले, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. दोन्ही पक्षांचा अहंकार एकट्याने उतरविणारा असा पुरावा दुसरा मिळणे कठीण. पुढे १९५१ साली अखिल भारतीय संघटना झाली, १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि तीत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. स्पर्धांनी आंतरराष्ट्रीय नियम स्वीकारले, आणि देशी पद्धत हळूहळू ओसरीवरच्या वृद्धांपुरती उरली. ती हरली म्हणून गेली नाही. तिच्यासाठी पट मांडणारे उरले नाहीत. तरीही पट आणि मोहरी घरात असली म्हणजे कोणासही आज ती खेळता येते, कारण तिचे नियम कोणा कंपनीच्या मालकीचे नाहीत.

पडद्यावरील खेळांची गोष्ट येथेच वेगळी पडते. ‘पबजी’वर बंदी घालावी अशी जनहित याचिका २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती, आणि ती एका ११ वर्षांच्या मुलाच्या नावे होती, म्हणजे नव्या पिढीतील सर्वच नव्याच्या बाजूचे नव्हते. बंदी आली ती निराळ्या कारणाने. भारत-चीन सीमेवरील तणावानंतर, २ सप्टेंबर २०२० रोजी, केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर प्रतिबंध घातला, त्यात हा खेळ होता. ३० ऑक्टोबरला त्याची सेवा थांबली. जुलै २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून उतरविला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा चढला. सरकारचा निर्णय योग्य होता की नव्हता हा प्रश्न येथे नाही. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, कोट्यवधींचा लाडका खेळ एका तारखेस होता आणि दुसऱ्या तारखेस नव्हता. काकांची कॅसेट नकली होती खरी, पण ती कपाटात होती. पुतण्याचा खेळ अस्सल आहे, पण तो दूरदेशीच्या यंत्रावर आहे, आणि ते यंत्र बंद करण्याचा अधिकार त्याला नाही.

युरोपात ही गोष्ट आता लोकांच्या ध्यानात आली आहे. २०१४ सालचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी आपली यंत्रे थांबवून संपविला. ज्यांनी तो पैसे मोजून घेतला होता त्यांच्याजवळ केवळ चकती उरली. त्यातून सुरू झालेल्या चळवळीच्या युरोपीय निवेदनास २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. जुन्यांचे घरही सुरक्षित नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकतच मिळत नाहीत. या एका प्रश्नावर तरी दोन्ही पक्षांचे हित एकच आहे.

महाराष्ट्रात असे एक ठिकाण आहे की, जेथे हा तंटा कधी शिरलेलाच दिसत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीने २०२० साली ‘राजी’ हा प्राचीन भारतावरील खेळ काढला. त्यात भिंतींवरून धावणे आणि खांबांवरून उड्या घेणे आहे, आणि १९८९ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’पासून चालत आलेल्या घराण्याचे वळण त्यात उघड दिसते. पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने २०२४ साली ‘इंडस’ हा पबजीच्या जातीचा खेळ आणला, आणि हीच कंपनी १९८० सालच्या पॅक-मॅनची अधिकृत मोबाइल आवृत्ती चालविण्याच्या कामातही आहे.

कॅसेटींविषयी सांगावयाचे राहिले. त्या फुंकून लावल्या की चालतात, ही समजूत खोटी होती. कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने तिच्या ६० धातूच्या पट्ट्या खाचेत नीट टेकत; फुंकेतल्या ओलाव्याने उलट त्या पट्ट्यांस गंज चढे. खाऱ्या वाऱ्याच्या गावी तर तो फुंकेवाचूनही चढतो. मुरबे असो वा सातपाटी, माळ्यावर कोणाच्या घरी अशी कॅसेट पडली असेल तर तिच्या पट्ट्या कापसावर थोडे स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात, आणि ती कोरड्या डब्यात बंद करून ठेवावी. आतली चिप बहुधा अजून शाबूत असते.