घर तेच, गाव वेगळे

घरापासून दूर गेलेल्या माणसाला घराची ओढ लागते, हे आपल्याला नवीन नाही. पण या ओढीला वैद्यकशास्त्राने नाव दिले ते १६८८ साली. योहानेस होफर या विद्यार्थ्याने बाझेल येथे लिहिलेल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. ग्रीक भाषेत ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणे, ‘अल्गोस’ म्हणजे वेदना. परमुलखात राहणारे स्विस लोक उदास होत, त्यांची अन्नावरची वासना उडे. पुढे शॉइख्त्सर या निसर्गशास्त्रज्ञाने याचे खापर हवेच्या दाबावर फोडले. डोंगरातली माणसे सखल प्रदेशात आली की तिथल्या जड हवेने दबून जातात, असे त्याचे म्हणणे. ही कारणमीमांसा टिकली नाही. होफरचा इलाज मात्र साधा होता: रोग्याला घरी पाठवा.

पण माणूस घरीच असेल तर?

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील हंटर खोरे कुरणे, द्राक्षमळे आणि घोड्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कोळशाच्या उघड्या खाणी झपाट्याने पसरल्या. सुरुंगांचे हादरे, धूळ, रात्रभर जळणारे दिवे यांनी रहिवासी हैराण झाले. न्यूकॅसल विद्यापीठातील ग्लेन अल्ब्रेक्ट यांच्याकडे ते आपली व्यथा मांडू लागले. त्यांनी घर सोडले नव्हते. घरच त्यांना सोडून चालले होते. २००३ साली अल्ब्रेक्ट यांनी या दुःखाला ‘सोलॅस्टॅल्जिया’ म्हटले. लॅटिन ‘सोलाशियम’ म्हणजे दिलासा. ज्या जागेने दिलासा द्यायचा तीच वेदना देऊ लागते, असा त्याचा भाव.

मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांत हा शब्द नाही. तरी तो न्यायालयापर्यंत पोहोचला. बुल्गा गावाजवळच्या खाणीच्या विस्ताराला मिळालेली परवानगी २०१३ साली न्यायालयाने रद्द केली. आवाज, धूळ आणि जैवविविधता यांबरोबरच गावकऱ्यांचे जागेशी असलेले नातेही निकालात विचारात घेतले गेले. २०१५ साली नव्या अर्जावर विस्ताराला परवानगी मिळाली, हेही सांगायला हवे.

आम्हां प्रयोगशाळेतल्या माणसांना धूळ मायक्रोग्रॅममध्ये आणि आवाज डेसिबलमध्ये मोजता येतो. दोन्ही आकडे मर्यादेत असले, तरी ओळखीची टेकडी गेल्याचे दुःख त्यांत उमटत नाही. ते कळायला माणसांशी बोलावेच लागते.

हे काम वर्गातही करता येईल. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना एवढेच विचारावे: गावातली कोणती जागा आता ओळखू येत नाही? उत्तरे लिहून ठेवावीत. पर्यावरणाच्या नोंदवहीत तीही नोंदच आहे.