खटका, पॉवर सप्लायचा

यंत्राच्या पॉवर सप्लायला येणारी वीज चालू-बंद करणारा स्विच. बोलीत यालाच बटण म्हणतात. बहुतेक ठिकाणी रॉकर, म्हणजे झोपाळ्यासारखा कलणारा खटका वापरतात.

खटका निवडताना पहिला प्रश्न जागेचा. १२ व्होल्ट, २० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे स्विच-मोड पॉवर सप्लाय, २४० वॉट देतो. खटका १२ व्होल्टच्या बाजूला बसवला, तर पूर्ण २० अँपिअर त्यातून जातात. तोच २३० व्होल्टच्या बाजूला बसवला, तर सव्वा ते दोन अँपिअरवर भागते. म्हणून तो आवक बाजूलाच असावा.

दोन अँपिअरसाठी तीन अँपिअरचा खटका पुरेल, असे वाटते. इथेच गफलत होते. एसएमपीएसमधला मोठा कॅपॅसिटर चालू करताना रिकामा असतो. २३० व्होल्टच्या लहरीचे शिखर ३२५ व्होल्टचे. नेमक्या त्या क्षणी बटण दाबले गेले आणि वाटेत झटका आवरणारा ५ ओहमचा एनटीसी थर्मिस्टर असला, तरी ६५ अँपिअरचा झटका बसू शकतो. बटण बंद करून लगेच पुन्हा चालू केल्यास गरम थर्मिस्टरचा रोध उतरलेला असतो आणि झटका आणखी वाढतो. खटक्यातल्या पत्तीवरच्या चांदीमिश्रित टिकल्या टेकताना किंचित उसळतात, ठिणगीने वितळतात आणि कधी चिकटून बसतात. मग बटण ‘बंद’ दिसते, पण आत वीज चालूच राहते.

यासाठी खटक्याच्या पोटावरचे बारीक आकडे वाचावेत. ‘१०/१००’ असे असेल, तर १० अँपिअर नेहमीचा प्रवाह आणि १०० अँपिअर सुरुवातीचा झटका. ‘टी८५’ म्हणजे ८५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या भोवतालच्या तापमानात चालणारा. ‘५ई४’ म्हणजे ५०,००० वेळा उघडझाप सोसणारा. नुसते ‘हेवी ड्यूटी’ छापलेला, आकडा नसलेला खटका दुकानदाराला परत द्यावा.

आकड्यापुढची नागमोडी रेघ एसीची खूण आहे. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझायला शून्य येतच नाही. त्यामुळे २५० व्होल्ट एसीचे कित्येक खटके डीसीत ३० व्होल्टच्या आसपासच चालतात. सोलर पॅनेलच्या उच्च दाबाच्या डीसी लाइनवर घरातले बटण लावणे हा आगीशी खेळ आहे.

खटका शक्यतो डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्यावा. जुन्या वायरिंगमध्ये या दोन तारा सॉकेटात उलट जोडलेल्या सर्रास आढळतात. तिथे सिंगल पोल खटका न्यूट्रल तोडतो आणि बंद यंत्रात फेज तसाच राहतो. अर्थिंगची तार मात्र कोणत्याही खटक्यातून नेत नाहीत.