रिद्धपूरची पेठ ते लिव्हरपूलचा सौदा : वऱ्हाडातील नियंत्रित कापूस-बाजाराचा इतिहास

प्रस्तावना

रिद्धपूर (ता. मोर्शी, जि. अमरावती) हे नाव मराठीच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य या गावी होते. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'ची सिद्धता तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथेच केली आणि अलीकडे महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी याच स्थळाची निवड केली. वाङ्मयाच्या व धर्मसंप्रदायाच्या इतिहासात या गावाचा विचार पुष्कळ झाला. आर्थिक इतिहासात तो क्वचितच होतो. वास्तविक गोविंदप्रभूंच्या लीळांतून तत्कालीन रिद्धपूरचे रस्ते, घरे, दुकाने व पेठ यांचे दर्शन घडते. ही पेठ समोरासमोरच्या व्यवहाराची आहे. विकणारा आणि घेणारा एकाच गावचे किंवा पंचक्रोशीतले, आणि माप दोघांच्या डोळ्यांदेखत होणारे.

त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी याच काळ्या जमिनीतील कापसाचा भाव समुद्रापलीकडे लिव्हरपूलला ठरू लागला. पिकविणाऱ्याने अंतिम ग्राहक कधी पाहिला नाही आणि ग्राहकाने शेत पाहिले नाही. अशा अनोळखी माणसांत विश्वास कसा निर्माण करावयाचा, हा जागतिक व्यापारापुढील मूलभूत प्रश्न होता. त्याला वऱ्हाडात जे उत्तर शोधले गेले ते म्हणजे नियंत्रित बाजार. कृषी-विपणनाच्या क्रमिक पुस्तकांत १८८६ मधील कारंजा येथील बाजाराचा उल्लेख 'देशातील पहिला नियंत्रित बाजार' असा एका ओळीत येतो आणि विद्यार्थी तो परीक्षेपुरता लक्षात ठेवतात. हा बाजार कोणासाठी निर्माण झाला व त्याच्या कारभारात शेतकऱ्याचे स्थान कोणते होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कापसाच्या वाटा

वऱ्हाडचा कापूस इंग्रजांनी बाजारात आणला, असा एक समज आहे. तो दुरुस्त करणे आवश्यक आहे. रेल्वेपूर्व काळातही अमरावती ही कापसाची मोठी पेठ होती. १८४२ मध्ये एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याच्या दिशेने रवाना केल्याचे सांगितले जाते, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आढळते. आकडा ऐकीव असला तरी त्यावरून या व्यापाराच्या व्याप्तीची कल्पना येते. लमाणांचे तांडे, मुक्कामाच्या जागा, हुंडीवर चालणारा पैसा, अशी ती एक संपूर्ण व्यवस्था होती. पश्चिमेकडे, म्हणजे मुंबईच्या बंदराकडे, कापूस पाठविण्यात विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ च्या सुमारास पुढाकार घेतला. ही पेढी निजाम सरकारास कर्ज देणारी होती आणि तिच्या उत्कर्षाप्रमाणेच तिचे बुडणेही त्या कर्जाशी निगडित होते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. येथे एक प्रशासकीय बाब ध्यानात घेतली पाहिजे. नाममात्र मालकी निजामाची आणि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटचा, अशी ही दुहेरी स्थिती होती. पुढे १९०२ मध्ये कायमचा पट्टा करून १९०३ मध्ये हा प्रांत मध्य प्रांतास जोडण्यात आला. तोपर्यंत वऱ्हाडचे कायदे बहुधा 'रेसिडेन्सी ऑर्डर' या स्वरूपात निघत. बाजारविषयक प्रयोग याच प्रांतात का होऊ शकला, याचे एक कारण या वेगळेपणात असावे असे मला वाटते. थेट आदेश काढून एखादी व्यवस्था सुरू करणे येथे तुलनेने सोपे होते.

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांस मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला. भाव अनेक पटींनी वाढले. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्या नावाशी जोडला गेलेला शेअरचा सट्टा माजला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. मुंबईतील ही पडझड सर्वश्रुत आहे. परंतु भाव चढलेले असताना कापसाखाली अधिक जमीन आणणाऱ्या, त्या भरवशावर उचल घेणाऱ्या वऱ्हाडी कुणब्यास हा फटका कसा बसला असेल, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली आहे. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या कालखंडातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांचा एकत्रित अभ्यास करून या प्रश्नाला वाचा फोडली, हे त्यांचे महत्त्वाचे योगदान होय.

भाव उतरले, पण वऱ्हाड जागतिक बाजारातून बाहेर पडला नाही. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये सागरी तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. त्याच वर्षी जलंब-खामगाव हा रेल्वेफाटा सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या निमित्ताने खामगावी आले होते. रॅली आणि फोल्कार्ट यांसारख्या परदेशी पेढ्यांचे हस्तक येथील पेठांतून खरेदी करू लागले. सरकी काढणारे हातरेचे मागे पडून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. रिद्धपूरसारख्या गावातून बैलगाडीने निघालेला कापूस अमरावतीच्या पेठेत पोहोचला की तो एका अखंड साखळीचा भाग होत असे.

कारंजा, १८८६

साखळी तयार झाली, तरी तिच्यात एक दुवा कच्चा होता. कापसात सरकी, कचरा व पाणी मिसळले जाते, चांगल्या बाणी कापसात आखूड धाग्याचा जडी कापूस घातला जातो, अशी परदेशी खरेदीदारांची नित्य तक्रार असे. मुंबई सरकारने १८६३ मध्ये भेसळीविरुद्ध कायदा करून पाहिला होता. त्यामागील विचार फौजदारी स्वरूपाचा होता : लबाडी करणाऱ्यास पकडावे आणि शिक्षा करावी. गठाण एकदा बांधली गेली की आतील भेसळ कोणाची, हे शोधणे दुरापास्त होते. वऱ्हाडातील प्रयोगाचे वेगळेपण हे की, व्यवहार जेथे प्रथम घडतो त्या जागेचेच नियमन तेथे करण्यात आले.

कारंजा (लाड), जे आज वाशीम जिल्ह्यात आहे, हे जुने व्यापारी गाव. जैन भट्टारकांची पीठे आणि नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून धार्मिक इतिहासातही त्याला स्थान आहे. येथे १८८६ मध्ये रेसिडेन्सी आदेशान्वये पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला. या अनुभवाच्या आधारे १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा अस्तित्वात आला. बाजाराची जागा अधिकृतपणे घोषित करणे, दलाल व मापारी यांना परवाने देणे, ठराविक फी आकारणे आणि देखरेखीसाठी समिती नेमणे ही या कायद्याची प्रमुख अंगे होत. आज ती सामान्य वाटतात. परंतु त्या काळच्या पेठेचे स्वरूप आठवले म्हणजे त्यांचे महत्त्व कळते. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे, आणि ज्याचा माल त्यालाच तो शेवटी कळे. कडता, धर्मादाय, हमाली, नमुना अशा नावांनी मालाचा व पैशाचा काही अंश आधीच कापला जाई. तराजू व्यापाऱ्याचा आणि मापारीही त्याचाच. अशा ठिकाणी परवानाधारक मापारी असणे, ही साधी गोष्ट नव्हती.

नवोपक्रम म्हटला की आपल्यासमोर यंत्र येते. माझ्या मते जिनिंगच्या यंत्रापेक्षा या समितीची कल्पना अधिक दूरगामी ठरली, कारण यंत्र बाहेरून आले होते व ही व्यवस्था येथे घडून बाहेर गेली. भारतीय कापूस समितीने (१९१७-१८) वऱ्हाडच्या धर्तीवर अन्य प्रांतांत खुले बाजार असावेत अशी शिफारस केली आणि १९२८ च्या शाही कृषी आयोगानेही नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला.

समितीतील रिकामी खुर्ची

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८९७ च्या कायद्यानुसार समितीत ५ सदस्य असत : २ नगरपालिकेचे आणि ३ कापसाच्या व्यापाऱ्यांपैकी. पिकविणाऱ्यासाठी एकही जागा नव्हती. ही विस्मृती म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात मिळावा, ही या नियमनामागील प्रधान प्रेरणा होती. व्यवस्थेचा 'विश्वास' दूरच्या ग्राहकासाठी होता. शेतकऱ्यास जो लाभ झाला तो आनुषंगिक. बाजार-फीची शिल्लक शेतकऱ्यांच्या सोयीसाठी न वापरता नगरपालिकेच्या सर्वसाधारण निधीत जाते, हा दोष पुढे शाही आयोगासही दिसला.

अर्थात आनुषंगिक लाभही लाभच असतो, हे मान्य केले पाहिजे. ज्याची स्वतःची गाडी होती आणि ज्याचे पीक सावकाराकडे आधीच गुंतलेले नव्हते, त्या शेतकऱ्यास उघड भाव व तपासलेले माप निश्चितच उपयोगी पडले. अडचण अशी की असे शेतकरी किती? उभ्या पिकावर उचल घेतलेल्या कुणब्याचा कापूस गावातच सावकाराच्या घरी जाई. त्याच्यासाठी अमरावतीचा किंवा कारंज्याचा नियंत्रित बाजार असून नसल्यासारखा होता. कायदा आला त्याच सुमारास, १८९६-९७ मध्ये, आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये वऱ्हाड दुष्काळाने होरपळून निघाला. बाजाराचे नियम चोख असताना माणसे अन्नावाचून मेली. नियमन तराजूचे झाले होते; कर्जाचे आणि ज्वारीच्या घटत्या साठ्याचे नव्हे.

समितीत शेतकऱ्यास स्थान देण्याचा विचार प्रथम मुंबई प्रांताच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्यात स्पष्टपणे आला. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी स्वतंत्र कापूस बाजार कायदा १९३२ मध्ये झाला. म्हणजे ज्या प्रांताने ही व्यवस्था जन्मास घातली, त्यालाच तिच्या दुरुस्तीसाठी शेजारच्या प्रांताचा दाखला पाहावा लागला. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार समिती कायद्याने शेतकरी-प्रतिनिधींस बहुमत दिले. १९७२ पासून सुमारे तीन दशके एकाधिकार कापूस खरेदी योजनाही राबविली गेली. प्रतिनिधी शेतकऱ्यांचे असले तरी ते कोणत्या शेतकऱ्यांचे, हा प्रश्न वऱ्हाडातील कोणत्याही बाजार समितीच्या निवडणुकीत आजही ऐकू येतो.

२०२० मध्ये केंद्र शासनाने बाजार समित्यांबाहेर शेतमालाच्या व्यापारास मुभा देणारा कायदा केला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला. त्या वादात एका पक्षाने समितीला शेतकऱ्याचे कवच म्हटले, दुसऱ्याने बेडी. दोन्ही बाजूंच्या मांडणीत कारंज्याचे नाव क्वचितच निघाले. मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात आता कापसाच्या जोडीला संत्र्याच्या बागा आहेत आणि रिद्धपूरच्या वाटेवर त्या दुतर्फा दिसतात. संत्र्याची बाग अनेकदा झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्यास एकरकमी दिली जाते. तेथे तराजू मुळीच लागत नाही.