बोले यांचा ठराव व महाडचें तळें

प्रांतिक कायदेमंडळांतील ठरावाचें मोल तो गांवच्या पाणवठ्यापर्यंत कितपत पोंचला यावरून ठरवावें, असें आम्हांस वाटतें. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं बोले यांच्या सूचनेवरून मुंबई कायदेकौन्सिलानें ठराव केला कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावे. सरकारनें आपल्या खात्यांस तशी आज्ञा केली. म्युनिसिपालिट्या व लोकलबोर्डें यांस मात्र केवळ सल्ला दिला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केलें, पण तें कागदावरच. ही उणीव हेरून बोले यांनीं ता. ५ ऑगस्ट १९२६ रोजीं दुसरा ठराव आणला: नकार देणाऱ्या संस्थांचें अनुदान सरकारनें रोखावें.

ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनीं तळ्याचें पाणी प्राशन केलें. पुढें ४ ऑगस्टला, म्हणजे मूळ ठरावास बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, म्युनिसिपालिटीनें आपला ठराव रद्द केला. वाद कोर्टांत गेला. हायकोर्टाचा अनुकूल निकाल ता. १७ मार्च १९३७ रोजीं लागला.

ठरावानें पाणी मिळालें नाहीं, हें खरें. परंतु महाडास जमलेला समुदाय याचना करण्यास नव्हे, तर मान्य झालेला हक्क बजावण्यास गेला होता. बोले यांच्या कार्याचें महत्त्व आम्ही येथें मानतों.