कलेक्टर दाराबाहेर : जिल्हा परिषदेच्या घडणीची गोष्ट

‘झेडपी’ हे दोन अक्षरी नाव ग्रामीण महाराष्ट्राच्या बोलीत इतके मुरले आहे, की त्यामागे एक कायदा आहे आणि त्या कायद्यामागे एक मोठा वाद आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मूल जाते ती शाळा झेडपीची, बाळाला लस टोचतात ते प्राथमिक आरोग्य केंद्र झेडपीचे, गाय दाखवायला नेतात तो दवाखाना झेडपीचा आणि पावसाळ्यात खचतो तो गावरस्ताही झेडपीचाच. मुंबईतले मंत्रालय लांब असते, म्हणून लोकांनी या संस्थेला ‘मिनी मंत्रालय’ म्हटले. हे मंत्रालय निवडून दिलेल्या माणसांचे असावे की नेमलेल्या अधिकाऱ्यांचे, हा प्रश्न मात्र तिच्या जन्माच्याही आधीपासूनचा आहे. या लेखात मी त्याच प्रश्नाचा माग काढू पाहतो.

सुरुवात पैशापासून करावी लागते. १८६९ च्या मुंबई कायद्याने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला. त्यातला दोन तृतीयांश भाग रस्त्यांसाठी आणि उरलेला शाळांसाठी ठेवण्याची रीत होती. म्हणजे गावच्या शाळेचा खर्च कुणब्याच्या खिशातून आधीच निघत होता; तो कसा व्हावा हे ठरवण्यात मात्र त्याला वाव नव्हता. रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. तिच्याकडे आपण शिक्षणाचा प्रश्न म्हणून पाहतो. मला ती स्थानिक कारभाराचीही तक्रार वाटते : कर कोणाचा आणि हुकूम कोणाचा?

त्याच वर्षी, १८ मे १८८२ रोजी, लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव निघाला. या मंडळांत सरकारी सभासद एक तृतीयांशाहून अधिक नसावेत आणि जमेल तिथे अध्यक्षही बिनसरकारी असावा, असे त्यात होते. कारभार सुधारण्यापेक्षा लोकांना राजकीय शिक्षण मिळणे हा आपला हेतू आहे, असे रिपनने स्पष्ट केले होते. गंमत अशी, की तेव्हा खुद्द इंग्लंडच्या काउंट्यांतही निवडून आलेले सरकार नव्हते. तिथला कारभार नेमलेले न्यायाधीश आपल्या त्रैमासिक बैठकांत पाहत. लोकनियुक्त काउंटी कौन्सिलचा कायदा तिथे १८८८ मध्ये झाला.

मुंबई इलाख्यात मात्र १८८४ च्या कायद्याने ठरावातला जीव काढून घेतला. जिल्हा लोकलबोर्डाच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर बसला आणि तालुका बोर्डाच्या अध्यक्षस्थानी प्रांत. ज्याच्या हाती वसुली, दंड आणि बंदुकीचा परवाना, त्याच्यासमोर बसून रस्त्याच्या खर्चाचा हिशेब विचारणारा सभासद विरळाच असणार. १९२३ च्या कायद्यानंतर चित्र पालटले. बोर्डांत लोकनियुक्तांचे बहुमत झाले, सभासद आपला अध्यक्ष निवडू लागले. पण कामे वाढली तरी तिजोरी तेवढीच राहिली आणि मोठी खाती सरकारकडेच होती.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा एकाच राज्यात तीन पद्धती नांदत होत्या. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जुनी जिल्हा लोकलबोर्डे, विदर्भात १९४८ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड कायद्याने आलेल्या जनपद सभा आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्यातली जिल्हा मंडळे. दरम्यान बलवंतराय मेहता समितीचा १९५७ चा अहवाल येऊन देशभर पंचायत राज्याचे वारे सुटले होते. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौरला त्याचे उद्घाटनही झाले होते. मेहता समितीचा भर गटावर, म्हणजे आपल्या भाषेत पंचायत समितीवर होता. जिल्ह्याची परिषद तिने सल्ला आणि देखरेखीपुरती मानली.

यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९६० मध्ये महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९६१ मध्ये आला आणि त्याने मेहता समितीचा नकाशा उलटा केला. कारभाराचा मुख्य घटक जिल्हा असावा, असे या समितीने ठरवले. तर्क सरळ होता. तालुक्याच्या पातळीवर अभियंता, डॉक्टर, शेतीतज्ज्ञ अशी माणसे पोसण्याइतका पैसा नसतो आणि दुबळ्या संस्थेला दिलेले अधिकार कागदावरच राहतात. पुढे १९७८ मध्ये अशोक मेहता समितीनेही विकेंद्रीकरणाची पहिली पायरी म्हणून जिल्ह्याकडेच बोट दाखवले.

नाईक समितीचे आणखी दोन निर्णय मला तितकेच मोलाचे वाटतात. पहिला, कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवण्याचा. कायदा-सुव्यवस्था आणि महसूल त्याच्याकडे राहिला. शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, लहान पाटबंधारे आणि गावरस्ते परिषदेकडे गेले. परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला. दुसरा निर्णय आमदार-खासदारांना परिषदेचे सभासद न करण्याचा. इतर अनेक राज्यांत ते पदसिद्ध सभासद होते. इथे जिल्ह्याच्या नेतृत्वाला आपल्या पायांवर उभे राहण्याची जागा मिळाली. विलासराव देशमुख आणि आर. आर. पाटील यांच्यासारखी माणसे विधानसभेआधी जिल्हा परिषदेत बसली होती.

१९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला. मुंबई वगळता २५ जिल्ह्यांत परिषदा आल्या. आज त्या ३४ आहेत. त्यांची चाल साधी, पण विचारपूर्वक बांधलेली आहे. गटागटांतून सभासद निवडून येतात. ते अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि विषय समित्यांचे सभापती निवडतात. स्थायी समिती, शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा समित्यांत प्रस्ताव येतात. अधिकारी टिपणी मांडतो, समिती मंजुरी देते आणि सर्वसाधारण सभा जाब विचारते. मांडणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, या भेदावर सारी इमारत उभी आहे. सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते वाचायला घेतली तर प्रथम कंटाळा येतो : अमुक शाळेचे पत्रे उडाले, तमुक केंद्रात डॉक्टर नाही, पाझर तलावाला गळती आहे. पण त्या कंटाळ्यातच लोकशाही आहे. विधानसभेत कोणी एका शाळेच्या पत्र्यांवर अर्धा तास खर्च करणार नाही.

हे सारे सोज्वळ होते, असे मी म्हणणार नाही. साखर कारखाना, सहकारी बँक आणि जिल्हा परिषद या तिन्ही जागा अनेक जिल्ह्यांत मोजक्याच घराण्यांच्या हाती राहिल्या. बदल्या आणि ठेके यांचा बाजारही चर्चेत राहिला. त्यावर उतारा मतपेटीत होता आणि तीच वेळेवर उघडली नाही. १९७९ नंतरची निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. मध्यंतरी जिल्ह्याच्या नियोजनाची सूत्रे पालकमंत्री आणि कलेक्टर असलेल्या मंडळाकडे गेली. दारातून बाहेर ठेवलेला कलेक्टर खिडकीतून आत आला.

२४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने यावर बंधन घातले. मुदत पाच वर्षांचीच आणि ती संपण्याआधी निवडणूक, असे संविधानच सांगू लागले. महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. सासरच्या नावावर निवडून आलेली बाई दुसऱ्या वर्षी अंदाजपत्रकाची पाने उलटून प्रश्न विचारू लागते, हे ज्यांनी सभागृहात पाहिले आहे त्यांना रिपनच्या ‘राजकीय शिक्षणा’चा अर्थ निराळा सांगायला नको.

आणि तरीही मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक परिषदांची मुदत संपली, तेव्हा निवडणुका झाल्या नाहीत. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. या काळात मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाला. म्हणजे टिपणी ज्याच्या कार्यालयातून निघाली, ती मंजूरही त्याच्याच सहीने झाली. फाईल एका टेबलावरून त्याच टेबलावर आली. जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश सभासद स्थानिक संस्थांतून निवडून आलेले असावेत, असे संविधान म्हणते. ज्या संस्थांत निवडून आलेले कोणी उरलेच नाही, त्यांनी कोणाला पाठवायचे?

प्रशासकांच्या काळात कामे भराभर होतात, असे अनेक जण सांगतात. होतही असतील. १८८४ चा कलेक्टरही कामसू होता, त्याने बांधलेले पूल आजही उभे आहेत. पण फुल्यांचा प्रश्न पूल किती बांधले हा नव्हता. पैसा आमचा असताना आम्हाला विचारले का, हा होता. जिल्हा परिषद हे त्या प्रश्नाला महाराष्ट्राने १९६२ मध्ये दिलेले उत्तर आहे. ते दर पाच वर्षांनी, ठरल्या दिवशी, पुन्हा द्यावे लागते.