चाळीसगाव ते वाहू : मुलींच्या सॉफ्टबॉलची गोष्ट

१९८९ साली चाळीसगावच्या कॉलेजातल्या एखाद्या मुलीला विद्यापीठाच्या संघातून खेळायचं असतं, तर तिचं विद्यापीठ होतं पुण्यात. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. संघातल्या जागा मोजक्या, आणि त्यांवर डोळा ठेवून असलेल्या मुली पुण्याच्या, नाशिकच्या, नगरच्या. खानदेशात कॉलेजं नव्हती असं नाही. अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मू. जे., दोन्ही १९४५ ची. पण कारभार पुण्याहून चाले.

१५ ऑगस्ट १९९० ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. आपण या घटनेकडे परीक्षा आणि निकाल एवढ्याच अंगानं बघतो. खेळाच्या अंगानं बघितलं, तर नवं विद्यापीठ म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरू शकणारा एक नवा संघ. मैदानात नऊ जणी, शिवाय राखीव. जळगाव-धुळ्याच्या मुलींसाठी (नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यातच होतं) एवढ्या जागा नकाशावरची एक रेघ बदलल्यामुळे तयार झाल्या. आणि चाळीसगावहून जळगाव म्हणजे भुसावळकडे जाणारी गाडी पकडायची, संध्याकाळी घरी परत. पोरगी रात्री कुठे राहणार, या प्रश्नाचं उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकानं जितकं दिलं, तितकं स्त्रीमुक्तीवरच्या व्याख्यानांनी दिलं नसेल, असं आपलं माझं मत.

पण सॉफ्टबॉलच का? हा खेळ जन्मला १८८७ मध्ये शिकागोत, एका क्लबच्या हॉलमध्ये, बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून केलेला चेंडू आणि काठी घेऊन. भारतात तो १९६० च्या दशकात जोधपूरहून पसरला. चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा, बारा इंच घेराचा, आणि टाकायचा खांद्याखालून. महिलांच्या सामन्यात पिचर आणि बॅटर यांच्यात फक्त ४३ फूट. बेस ६० फुटांवर. सात इनिंग, म्हणजे दुपारचे दोन सामने आरामात. क्रिकेटचं मैदान मुलांनी धरून ठेवलेलं असतं; सॉफ्टबॉलचं अर्ध्या मैदानात भागतं. त्यातून कुणाचा मोठा भाऊ हा खेळ खेळत नसतो, त्यामुळे ‘तू कशाला’ म्हणायलाही कुणी नसतं. जळगावनं हा खेळ मनावर घेतला. सॉफ्टबॉलसाठी शिवछत्रपती पुरस्कार मिळवणारे खेळाडू या जिल्ह्यात झाले.

रिकामी जागा लहान गावानं पटकावायची, ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात वाहू नावाचं गाव आहे. शेतीचा मुलूख, १९७० च्या सुमारास वस्ती चार हजारांच्याही आत. तिथलं जॉन एफ. केनेडी कॉलेज १९६५ मध्ये निघालं. १९६९ साली ओमाहा शहरात कॉलेजच्या मुलींची पहिली सॉफ्टबॉल ‘वर्ल्ड सिरीज’ भरली आणि ती जिंकली या कॉलेजनं. १९७० मध्येही तेच. १९७१ मध्येही तेच. मोठी विद्यापीठं तेव्हा पुरुषांच्या फुटबॉलवर पैसा ओतत होती, मुलींच्या खेळाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मग १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला बंदी झाली, आणि खेळही त्यात आले. कायदा चांगलाच होता. त्यामुळे मोठी विद्यापीठं मैदानात उतरली, पैसे आणि प्रशिक्षक घेऊन. १९८२ ला पुरुषांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या बलाढ्य संघटनेनं ही स्पर्धा स्वतः घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिलं विजेतेपद गेलं लॉस एंजेलिसच्या यूसीएलएकडे. वाहूचं कॉलेज तोवर उरलंच नव्हतं. ते १९७५ मध्ये बंद पडलं होतं.

आपल्याकडे टायटल नाइन नाही. आपल्याकडे आहे सर्टिफिकेट. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि कोणत्या स्पर्धेतला कितवा क्रमांक धरायचा ते शासन निर्णयात लिहिलेलं असतं. त्यामुळे ‘ही खेळते कशाला, सर्टिफिकेटसाठी’ असं कुजबुजणारे भेटतात. त्यात वाईट काय? शिक्षणासाठी बाप कर्ज काढतो तेव्हा तो ज्ञानासाठीच काढतो का?

२०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्येच सावित्रीबाईंचं मिळालं होतं. त्यामुळे हे दोन संघ समोरासमोर आले, तर स्कोअरशीटवर वरही बाईचं नाव, खालीही बाईचं. एकीनं मुलींना शाळेत बसवलं, दुसरीला लिहिता-वाचता येत नव्हतं.

ऑलिंपिकनं मात्र या खेळाची थट्टाच मांडली आहे. १९९६ ला आत, २००८ नंतर बाहेर, टोकियोत पुन्हा आत, पॅरिसला बाहेर. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये परत आत. पण सॉफ्टबॉलचे सामने होणार तिथून दूर, ओक्लाहोमा सिटीत. ते मैदान कॉलेजच्या मुलींच्या वर्ल्ड सिरीजचं. १९९० पासून, एका वर्षाचा अपवाद सोडला, तर ती स्पर्धा त्याच शहरात होते आहे.